कलाकाराची स्वतःची वेबसाइट: का हवी आणि कशी उभारायची

कापूरबावडीच्या ठाणे कला भवनात कुणीतरी तुमचं चित्र पाहतं. त्याला ते आवडतं, पण त्या दिवशी तो घेत नाही. सहा महिन्यांनी घोडबंदर रोडवरच्या नव्या फ्लॅटची रिकामी भिंत बघताना त्याला ते चित्र आठवतं. नाव अर्धवट लक्षात असतं, म्हणून तो गुगलवर शोधतो. एका जुन्या प्रदर्शनाची बातमी निघते, त्याच आडनावाचे दोन डॉक्टर निघतात आणि एक इन्स्टाग्राम खातं निघतं. त्या खात्यात ते चित्र गाठायला गणपती, वाढदिवस आणि रील्स ओलांडत दोनशे पोस्ट खाली जावं लागतं. माप दिलेलं नाही, किंमत नाही, चित्र विकलं गेलंय का तेही नाही. पैसे द्यायला तयार असलेला माणूस तिथेच थांबतो आणि कलाकाराला याचा पत्ताही लागत नाही.

इन्स्टाग्राम आणि यूट्यूब माणसाला तुमच्यापर्यंत आणतात, ते सोडू नका. पण आलेल्या माणसाला हवं ते काम, त्याच्या मापासकट, पाच वर्षांनीही त्याच जागी सापडावं अशी सोय तिथे नाही. शिवाय ती जागा दुसऱ्याची. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. २९ जून २०२० ला सरकारने ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉक गेलं आणि तिथे जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत तुटला. गुगल बिझनेस प्रोफाइलमधून फुकट बनणाऱ्या छोट्या वेबसाइट मार्च २०२४ मध्ये गुगलनेच बंद केल्या. म्हणून सगळ्यात आधी स्वतःच्या नावावरचं डोमेन घ्या. बाकी सगळं पुढे बदलता येतं.

सोसायटीतल्या मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेणं एवढंच तुमचं काम असेल आणि वर्ग भरलेले असतील, तर व्हॉट्सॲप ग्रुप पुरतो. काम विकायचं असेल, कार्यक्रम मिळवायचे असतील, शिष्यवृत्तीचे किंवा गॅलरीचे अर्ज भरायचे असतील, तर मात्र वेबसाइट लागतेच.

नाव आणि त्याची मालकी

डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता. डॉट कॉम किंवा डॉट इन, दोन्ही चालतात. वर्षाला साधारण ७०० ते १५०० रुपये पडतात. पहिल्या वर्षाची सवलत पाहून ठरवू नका, दुसऱ्या वर्षापासून काय दर लागेल ते पाहा. काही कंपन्या पहिलं वर्ष ९९ रुपयांत देतात आणि नूतनीकरणाला भलताच आकडा लावतात.

नाव निवडताना एक कसोटी लावा. गर्दीच्या वेळी ठाणे स्टेशनच्या फलाटावर उभं राहून फोनवर ते नाव एकदाच सांगा. समोरच्याला ते बरोबर लिहिता आलं पाहिजे. नावात ज्ञ, क्ष किंवा ळ असेल तर रोमन स्पेलिंगचा घोळ ठरलेला. एकटा ज्ञ डीएन, डीएनवाय, जीवाय असा तीन तऱ्हांनी लिहिला जातो. अशा वेळी जास्त प्रचलित स्पेलिंग घ्या आणि परवडत असेल तर दुसरंही घेऊन ते पहिल्याकडे वळवा. मध्ये डॅश किंवा आकडा नको. देवनागरीतलं डॉट भारत डोमेनही मिळतं, पण ते जोडीला ठेवा, मुख्य पत्ता म्हणून नको. काही ॲप्समध्ये ते एक्सएन डॅश डॅश अशा अगम्य अक्षरांत दिसतं आणि त्यावरचा ईमेल सगळीकडे चालत नाही.

वेबसाइट करून देणारा ओळखीचा मुलगा किंवा एजन्सी डोमेन स्वतःच्या खात्यातून विकत घेते, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. दोन वर्षांनी तो बंगळुरूला जातो, फोन उचलत नाही आणि तुमच्या व्हिजिटिंग कार्डावरचा पत्ता दुसऱ्याच्या ताब्यात राहतो. खातं तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाइल नंबरवर, तुमच्या नावावर उघडा. बांधणाऱ्याला हवा तर वेगळा लॉगिन द्या. डॉट कॉम घेतल्यावर ईमेल खरा असल्याची खात्री करायला एक मेल येतो. त्यातल्या दुव्यावर १५ दिवसांत क्लिक केलं नाही तर डोमेन स्थगित होतं. वेबसाइट चालू झाली आणि पंधरवड्यात गायब झाली, तर आधी हा मेल शोधा, बहुतेक स्पॅममध्ये असतो.

नूतनीकरण आपोआप होईल यावर विसंबू नका. भारतीय कार्डांवरच्या आपोआप वसुलीला २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे कडक नियम आहेत, त्यामुळे परदेशी कंपन्यांची वसुली अनेकदा अडते. जमलं तर एकदम तीन-पाच वर्षांचे पैसे भरा. डॉट कॉमची मुदत संपल्यावर काही दिवस नेहमीच्या दरात सोडवता येतं, नंतरचे ३० दिवस जबर दंड भरून, आणि त्यानंतर ते कुणीही उचलू शकतं.

कुठे बांधायची

यावर फार डोकं शिणवू नका. तीस-चाळीस कामं आणि चार पानं असतील तर गुगल साइट्स पुरेसं आहे. ते फुकट आहे, स्वतःचं डोमेन जोडता येतं, फक्त दुकानाची सोय नाही. विक्स किंवा वर्डप्रेस डॉट कॉम वार्षिक वर्गणी घेतात आणि देखभाल स्वतः करतात. स्वतःच्या होस्टिंगवरचं (भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरचं) वर्डप्रेस सगळ्यात मोकळं, पण त्याचे प्लगइन (वरून जोडलेले छोटे प्रोग्राम) दर महिन्याला अपडेट करावे लागतात. ते राहून गेलं की साइट हॅक होते आणि तुमच्या नावाखाली जुगाराच्या जाहिराती दिसू लागतात. महिन्यातून एक तास देणार नसाल तर त्या वाटेला जाऊ नका. पर्याय कुठलाही घ्या, कंपनीला पैसे भरण्याआधी स्वतः एक पान बदलून पाहा. नवं चित्र चढवायला प्रत्येक वेळी दुसऱ्याला फोन करावा लागला, तर साइट वर्षभरात शिळी होते.

फोटो: सगळा जोर इथे लावा

कलाकाराच्या साइटवर मजकूर लोक चाळतात आणि फोटो निरखून पाहतात. फोटो काचेची फ्रेम करण्याआधी काढा. काच लागल्यावर समोरची खिडकी, पंखा आणि तुम्ही स्वतः चित्रात येता.

चित्र भिंतीवर किंवा ईझलवर उभं, अगदी सरळ ठेवा. कॅमेऱ्याची भिंग चित्राच्या मध्याच्या उंचीवर हवी. मोबाइलची मुख्य वाइड लेन्स जवळून वापरली की कडा फुगतात. म्हणून दुपटीचा झूम लावा आणि चित्राच्या लांब बाजूच्या निदान दुप्पट अंतरावर उभे राहा. स्क्रीनवरच्या ग्रिडच्या रेषा आणि चित्राच्या कडा समांतर येऊ द्या. ट्रायपॉड लावा आणि दोन सेकंदांचा टायमर ठेवा, म्हणजे बटण दाबताना हात हलणार नाही. मोठा कॅमेरा असेल तर आयएसओ १००, ॲपर्चर ८.

प्रकाश एकाच जातीचा हवा. खिडकीचा उजेड घेत असाल तर घरातली ट्यूब आणि पिवळा दिवा दोन्ही बंद करा, नाहीतर चित्राची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळी दिसते आणि ती नंतर दुरुस्त होत नाही. आपल्याकडचा पावसाळा या कामाला उत्तम. जून ते सप्टेंबर ढगाळ आकाशाचा उजेड मऊ आणि सगळीकडे सारखा पडतो. सकाळी १० ते दुपारी ४ मध्ये बाल्कनीच्या आत, शिंतोड्यांपासून लांब, फोटो काढा. कागदावरचं काम असेल तर ते हवेत फार वेळ उघडं ठेवू नका, दमटपणाने कागद लाटा घेतो. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा कार्डशीट उभा केला की अंधारी बाजू उचलली जाते. रात्री काढायचे झाले तर दोन एकसारखे दिवे चित्राच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर ठेवा, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचे. तैलरंगावर किंवा वॉर्निशवर चमक येत असेल तर दिवे आणखी कडेला न्या. गेरूवरच्या वारली कामाला हा त्रास नसतो, सोनेरी वर्खाला मात्र एक दिवा थोडा मंद करावा लागतो, नाहीतर वर्ख सपाट पिवळा दिसतो.

चित्राच्या कडेला एक कोरा पांढरा कागद ठेवून पहिला फोटो घ्या. संपादन करताना तो कागद पांढरा दिसेपर्यंत व्हाइट बॅलन्स बदला आणि तोच आकडा बाकी फोटोंना लावा. मग मूळ चित्र शेजारी ठेवून, दिवसाच्या उजेडात, रंग ताडून पाहा. ग्राहकाला स्क्रीनवर निळा दिसला आणि पार्सलमधून जांभळा निघाला, की चित्र परत येतं आणि कुरिअरचा भुर्दंड दोनदा बसतो.

प्रत्येक कामाचे चार फोटो पुरतात: पूर्ण चित्र, पोत दाखवणारा जवळचा भाग, खुर्ची किंवा सोफ्याजवळच्या भिंतीवर टांगलेलं (अंदाज यावा म्हणून), आणि पाठीमागची सही.

साइटसाठी प्रत वेगळी बनवा. लांब बाजू २००० पिक्सेल, जेपेग, दर्जा ८० च्या आसपास, एसआरजीबी रंगपद्धती, वजन ४०० केबीच्या आत. ॲडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीत ठेवलेले फोटो काही ठिकाणी मळकट दिसतात. आयफोनचे फोटो एचईआयसी प्रकारात असतात, ते क्रोममध्ये उघडत नाहीत. आधी जेपेग करा. मूळ मोठी फाइल कधीच चढवू नका. २००० पिक्सेलची प्रत ३०० डीपीआयला छापली तर पावणेसात इंचांच्या पुढे जात नाही, त्यामुळे चोरून पोस्टर काढणाऱ्याला तिचा उपयोग नसतो. चित्राच्या मधोमध वॉटरमार्क मारण्यापेक्षा हा उपाय चांगला, कारण वॉटरमार्क खऱ्या ग्राहकालाही चित्र पाहू देत नाही.

रांगोळीच्या कलाकारांनी तर यात जराही हयगय करू नये. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी रात्रभर काढलेली रांगोळी दुसऱ्या दिवशी उरत नाही, फोटो हाच तिचा पुरावा. शिडीवरून किंवा इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून, शक्य तितका वरून एक फोटो घ्या. मग माप फुटांत, लागलेले तास, किती जणांनी काढली आणि रंग किती किलो लागले, हे त्याच दिवशी लिहून ठेवा.

गायक, वादक, नट यांच्यासाठी

तुमचं काम व्हिडिओत आहे, आणि गडकरी रंगायतनात किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात मागच्या रांगेतून मोबाइलवर घेतलेला आवाज कोणाच्याच उपयोगाचा नाही. कार्यक्रमाआधी साउंडवाल्याशी बोला, पेनड्राइव्ह द्या आणि मिक्सरवरून थेट रेकॉर्डिंग मागा. मिक्सरच्या आवाजात सभागृहात घुमणारी आस कमी असते, म्हणून रंगमंचासमोर एक साधा रेकॉर्डरही चालू ठेवा आणि दोन्ही मिसळा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवली की नंतर आवाज आणि चित्र जुळवणं सोपं जातं. पहिल्या पानावर ६० ते ९० सेकंदांचा तुकडा ठेवा. गायनाचा असेल तर आलापाने सुरू करू नका, बंदिश रंगात आलेली जागा निवडा. व्हिडिओ यूट्यूबवर चढवून पानात जोडा. स्वतःच्या होस्टिंगवर ठेवला तर साइट रांगते.

त्याच पानावर आयोजकासाठी एक पीडीएफ ठेवा: किती माणसं, किती माइक, रंगमंच निदान किती बाय किती फूट, मांडणीला किती वेळ, कार्यक्रम किती मिनिटांचा. जोडीला फ्लेक्सवर छापता येईल असा ३००० पिक्सेलचा फोटो आणि शंभर शब्दांचा परिचय, मराठी आणि इंग्रजी. आयोजक हे सगळं ऐन वेळी, रात्री अकराला मागतात. साइटवर असलं की तुम्ही तालमीत असाल तरी त्यांचं काम अडत नाही.

पानं आणि त्यातला मजकूर

चार पानं पुरतात: कामं, परिचय, प्रदर्शनं किंवा कार्यक्रम, संपर्क. पहिल्या पानावर फिरणारी चित्रपट्टी नको, एकच उत्तम काम पुरे.

प्रत्येक चित्राखाली शीर्षक, वर्ष, माध्यम, कशावर काढलंय, माप आणि स्थिती एवढं हवंच. मापात आधी उंची, मग रुंदी, सेंटिमीटर आणि इंच दोन्ही. फ्रेमसकट की फ्रेमशिवाय, तेही लिहा. विकलेलं चित्र काढून टाकू नका, त्यावर विकलेलं अशी खूण करा. पुढचा ग्राहक तेच पाहून तसंच दुसरं मागतो. शीर्षक नसलेल्या चित्राला निदान क्रमांक द्या, नाहीतर फोनवर ‘ते निळं, डोंगराचं’ यावरून तीन चित्रांचा गोंधळ होतो.

किंमत लिहावी की नाही, यावर वाद आहेत. आमचं मत स्पष्ट आहे: २५,००० रुपयांच्या आतल्या कामाला किंमत लिहा. ती विचारायचा संकोच वाटून निघून जाणारे लोक आपल्याकडे खूप आहेत. त्यावरच्या कामाला विचारणा ठेवली तरी चालते. गॅलरीशी करार असेल तर साइटवरची आणि गॅलरीतली किंमत एकच हवी, नाहीतर गॅलरी पुन्हा दार उघडत नाही.

परिचयात गावाचं, भागाचं नाव येऊ द्या, कारण लोक ‘ठाण्यातला पोर्ट्रेट आर्टिस्ट’ किंवा ‘नवी मुंबईत बासरीवादक’ असं शोधतात. घणसोली किंवा नौपाडा एवढं पुरे, घराचा पूर्ण पत्ता नको. स्वतःचं नाव देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिपींत लिहा, म्हणजे कुठल्याही लिपीत शोधलं तरी सापडेल.

मराठी मजकुरात तीन गोष्टी नेहमी बिघडतात. जुना मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असेल तर साइटवर तो निरर्थक खुणांसारखा दिसतो; आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. दुसरं, परदेशी थीममध्ये (साइटच्या तयार साच्यात) शीर्षकांच्या अक्षरांत अंतर सोडलेलं असतं. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि अक्षरं सुटी पडतात. ते अंतर शून्य करा आणि दोन ओळींमधलं अंतर दीडपटीच्या वर न्या, म्हणजे वेलांट्या आणि उकार एकमेकांत अडकत नाहीत. तिसरं, पानाची भाषा मराठी अशी नोंदवा आणि मराठी वळण असलेला फॉन्ट घ्या, म्हणजे पाकळीचा ल आणि देठाचा श येतो. तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर फुकट आहे.

संपर्कासाठी व्हॉट्सॲपचा दुवा सगळ्यात जास्त चालतो. त्यात ९१ आणि पुढे दहा आकडे लिहा. आधी शून्य किंवा अधिकचिन्ह घालू नका. संपर्काचा फॉर्म ठेवलात तर स्वतः भरून पाहा. होस्टिंगवरून थेट निघणारे मेल बऱ्याचदा स्पॅममध्ये पडतात; एसएमटीपीचा (मेल खऱ्या मेल खात्यातून पाठवणारा) प्लगइन लावून, डोमेनच्या एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदी (मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आल्याच्या खुणा) भरल्या की ते नीट पोचतात.

पैसे आणि हक्क

महिन्याला दोन-चार चित्रं विकत असाल तर दुकान बांधू नका. बोलणं व्हॉट्सॲपवर, पैसे यूपीआयवर, पावती पीडीएफमध्ये. पेमेंट गेटवे (साइटवर ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपन्या) साधारण २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी घेतात, शिवाय खातं मंजूर करण्याआधी साइटवर अटी, गोपनीयता, परतावा, पाठवणी आणि संपर्क ही पानं मागतात. पानं नसल्यामुळे अर्ज परत येणं नेहमीचं. दुसऱ्या राज्यात विकताना जीएसटी नोंदणीचे नियम बदलतात, हस्तकलेला वेगळी सवलत आहे. पहिल्या ऑर्डरआधी सीएशी बोला.

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. चित्र विकलं म्हणजे त्याचा कॉपीराइट विकला जात नाही. तो हस्तांतरित करायला सही केलेला लेखी करार लागतो. पण पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेलं चित्र किंवा पोर्ट्रेट याला कलम १७ वेगळं आहे: वेगळं काही ठरलं नसेल तर कॉपीराइट काढायला सांगणाऱ्याकडे जातो. म्हणून ऑर्डर घेतानाच एक ओळ लिहून घ्या: कॉपीराइट कलाकाराकडे राहील आणि चित्र वेबसाइटवर दाखवता येईल. ही ओळ नसल्यामुळे स्वतःचं उत्तम पोर्ट्रेट साइटवरून उतरवावं लागू शकतं.

सापडलं पाहिजे

वर्डप्रेसमध्ये सर्च इंजिनांना मनाई करणारा एक चौकोन असतो. साइट बांधताना त्यावर टिक करतात आणि नंतर काढायची विसरतात. महिना झाला तरी गुगलवर नाव येत नसेल तर आधी हा चौकोन पाहा. मग गुगल सर्च कन्सोलमध्ये (साइट गुगलला कळवायच्या जागी) डोमेन नोंदवा, मिळालेली टीएक्सटी नोंद (मालकीची खूण) डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या खात्यातल्या नोंदींत) भरा आणि साइटमॅप (पानांची यादी) द्या. दिसायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. ‘पहिल्या पानावर आणून देतो’ म्हणणाऱ्या फोनला पैसे देऊ नका. तुमचं नाव शोधणाऱ्याला तुम्ही सापडलात, एवढं कलाकाराला पुरतं. इन्स्टाग्रामच्या परिचयात, गॅलरीच्या पानावर, बेलापूरच्या अर्बन हाटमधल्या तुमच्या स्टॉलच्या फलकावर क्यूआर कोडने, सगळीकडे एकच पत्ता द्या. व्हॉट्सॲपवर दुवा पाठवल्यावर चित्र दिसावं म्हणून १२०० बाय ६३० पिक्सेलचं, ३०० केबीच्या आतलं चित्र शेअरिंगसाठी लावा.

तपासणी वायफायवर करू नका. ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये, मोबाइल डेटावर साइट उघडा. पहिलं चित्र अडीच सेकंदांत आलं तर चांगलं. पाच लागले तर फोटो जड आहेत.

वर्षातून दोनदा, समजा पाडव्याला आणि दसऱ्याला, एक तास काढा: फॉर्म भरून पाहा, विकलेल्या कामांवर खुणा करा, सगळी साइट आणि मूळ फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा, डोमेनची तारीख बघा. आणि डोमेनची कंपनी, लॉगिनचा ईमेल, मुदतीची तारीख, फोटोंची डिस्क कुठे आहे, हे एका कागदावर लिहून विम्याच्या आणि बँकेच्या कागदांबरोबर घरात ठेवा. चित्रांचा कॉपीराइट कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांकडे राहतो, आणि तेवढी वर्षं विचारणा याच पत्त्यावर येणार आहे.